पोटात काही राहत नाही

१

‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे,’ एवढं म्हणून ती थांबली, आणि मग सगळ्या बसस्थानकाला खुर्ची पडल्याचा आवाज ऐकू आला.

लोकांनी वर कर्ण्यांकडे पाहिलं. माइक बिघडला असेल, असं वाटून जो तो आपापल्या पिशव्यांकडे वळला. निवेदनाच्या खोलीत कंट्रोलर पोचला तेव्हा ती टेबलाखाली पडलेली होती आणि माइक अजून चालूच होता. ‘अरे बापरे’ म्हणून त्याने मारलेली हाकसुद्धा सगळ्या फलाटांवर गेली.

शवविच्छेदन करणाऱ्याने मला फोनवर सांगितलं, ‘बाई, ही एखाद्या वाळवंटातून चालत आल्यासारखी कोरडी होती.’ शरीरातलं पाणी गेलं होतं, क्षार गेले होते, मूत्रपिंडं थकून थांबली होती आणि शेवटी हृदयाने लय सोडली. वय फार नव्हतं. आजार म्हणावा तर अंगावरचं वजन आणि त्यामुळे दुखणारे गुडघे. त्यासाठीच ती वजन कमी करण्याचं इंजेक्शन घेत होती.

हे औषध वाईट नाही. गरज असलेल्यांची आयुष्यं त्याने सावरलेली मी पाहिली आहेत. आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं, लहान मात्रेपासून सुरुवात करायची आणि हळूहळू वर चढायचं. पण दर पायरीला जाणत्या माणसाने रोग्याला विचारावं लागतं की बाई गं, सोसतंय का? सोसत नसेल तर थांबायचं, नाहीतर खाली उतरायचं. औषध गुणी आहे, पण त्याला राखण लागते. शेताला कुंपण लागतं तसंच.

तिला ते इंजेक्शन देणाऱ्या क्लिनिकचा खुलासा आमच्या वैद्यक परिषदेकडे झटपट आला. ‘रुग्ण सतत वैद्यकीय देखरेखीखाली होती. आमच्या डॉक्टरांनी तिला फोनवरून आहे त्याच पायरीवर थांबायला सांगितलं होतं. पुढच्या पायरीचं इंजेक्शन घरी राखून ठेवण्यासाठी दिलं होतं. ते तिच्या धाकट्या बहिणीने स्वतःच्या मनाने टोचलं.’

म्हणजे मेली ती मेली आणि राहिली ती खुनी. मी तो कागद टेबलावर आपटला. शेजारच्या खोलीतला कारकून उठून दार लावून आला. ऑफिसात मला मागून ‘मिरची’ म्हणतात. पुढून म्हणायची कोणाची छाती नाही.

२

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. मी गेले तेव्हा ती मागच्या खोलीत काचेची कड घासत बसली होती. मला बघून मशीन बंद केलं, पण काच हातातून सोडली नाही.

‘पोलिसांनी सोमवारी बोलावलंय,’ ती म्हणाली. ‘तुम्ही त्यांच्याकडून आलात का?’

‘मी कोणाकडूनही आलेली नाही. मी डॉक्टर आहे आणि डॉक्टरांच्या चौकशा करते. सुरुवातीपासून सांग.’

‘ताईला सुईची भीती. रक्त बघितलं की डोळे पांढरे करायची. म्हणून दर आठवड्याला मी तिच्या खोलीवर जाऊन टोचायचे. ती एकटी राहायची, बसस्थानकाजवळ. आई माझ्याकडे असते.’

‘आणि डॉक्टर?’

‘त्यांना आम्ही कधी पाहिलंच नाही. नाव, फोटो, सगळं इंजेक्शनच्या डब्यावर असतं. त्यांचा फोन यायचा. ताई स्पीकरवर लावून टेबलावर ठेवायची. ते विचारायचे, आम्ही दोघी ऐकायचो.’

‘शेवटच्या फोनवर काय म्हणाले?’

‘एक पायरी वर जाऊ या, म्हणाले. अगदी ह्याच शब्दांत. नवीन इंजेक्शन फ्रिजमध्ये होतंच. मी काढलं आणि टोचलं.’ तिने काच खाली ठेवली. ‘आता ते म्हणतात, मी थांबायला सांगितलं होतं. मॅडम, मी ऐकलंय ना! ह्या कानांनी ऐकलंय!’

‘त्या फोनवर ताईने काही तक्रार केली होती?’

‘ताई? तक्रार?’ एवढ्या दुःखातही तिला हसू फुटलं. ‘ती थट्टाच करणार. तिला स्टँडवर सगळे भोंगा म्हणायचे. कामामुळे नव्हे हां, स्वभावामुळे. कुठलीही गोष्ट सांगितली की संध्याकाळपर्यंत गावभर. त्या दिवशी डॉक्टरांनाही तेच ऐकवलं. म्हणाली, “डॉक्टर, माझ्या पोटात काही राहत नाही हो.” डॉक्टर म्हणाले, “मग कुलूप लावू या की!” आम्ही सगळे हसलो. ताई आमच्या मागाहून हसली. मग ते म्हणाले, छान चाललंय, एक पायरी वर जाऊ.’

‘क्लिनिककडे त्या फोनचं रेकॉर्डिंग असेल.’

‘मी मागितलं. म्हणाले, रुग्णांच्या गोपनीयतेसाठी आम्ही ठेवत नाही.’

किती काळजी लोकांच्या गुपितांची! मला त्याच क्षणी उठून त्या क्लिनिकच्या काचा फोडाव्याशा वाटल्या.

मी निघाले तशी ती दारापर्यंत आली. ‘मॅडम, आई माझ्या हातचं पाणी घेत नाही. म्हणते, एवढा मोठा डॉक्टर कशाला खोटं बोलेल? रोज ऐकून ऐकून मला आता माझंच खरं वाटेनासं झालंय. मी चुकीचं ऐकलं असेन का हो?’

फोनवर काय बोललं गेलं हे ऐकणारी माणसं तीन. एक मेली होती, एकीवर आळ होता आणि तिसऱ्याच्या नावापुढे भल्यामोठ्या पदव्या होत्या. परिषद कोणावर विश्वास ठेवणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

३

कंट्रोलर जाडजूड, बडबड्या माणूस. माझ्यासाठी चहा मागवला आणि स्वतःच पिऊन टाकला.

‘तिच्यासारखा आवाज पुन्हा नाही व्हायचा, मॅडम. नुसतं “बस सुटत आहे” म्हणाली तरी माणूस धावत सुटायचा. पण पोटात काही राहायचं नाही! माझी बदली रद्द झाली, तर माझ्या बायकोच्या आधी अख्ख्या स्टँडला कळली. माइकवरून अभिनंदन केलं हो माझं! बायको आठवडाभर बोलली नाही.’

‘शेवटी शेवटी कशी होती?’

त्याने कप खाली ठेवला. ‘आवाज बसला होता. घोगरा झालेला. म्हणाली, घसा धरलाय. जमेल तिथे टेपच लावायची. मी म्हटलं, बाई, वजन उतरतंय म्हणून आवाजपण उतरला की काय? हसली.’

निवेदनाची खोली म्हणजे एक टेबल, एक माइक, एक खुर्ची आणि फलाटाकडे उघडणारी काच. टेबलाखाली भिंतीला लागून प्लास्टिकची बादली होती. निळी, झाकणाची, धुऊन ठेवलेली.

‘ही कशाला?’

‘गळतं म्हणाली वरून. मी म्हटलं, प्लंबर बोलावतो. नको म्हणाली, उगाच कशाला, बादलीने भागतंय.’

मी वर पाहिलं. खोलीच्या वर कंट्रोलरचंच ऑफिस होतं आणि तिथे नळच नव्हता. छताला ओल नव्हती, डाग नव्हता, रंगाचा पोपडासुद्धा निघालेला नव्हता. आणि टेबलाखाली ठेवलेल्या बादलीत छताचं पाणी पडणार तरी कसं? मध्ये टेबल होतं ना!

मी खुर्चीत बसून पाहिलं. माइक तोंडासमोर, त्याचं बटण डाव्या हाताशी आणि बादली उजव्या पायाशी. खाली वाकलं की तोंड थेट बादलीवर येत होतं. झाकण काढायला माझी हिंमत होईना, तरी काढलं. आत फिनेलचा वास होता. फिनेल सगळं झाकत नाही.

एक बस पुकारायची, बटण बंद करायचं, वाकायचं, तोंड पुसायचं, पुन्हा बटण दाबायचं आणि म्हणायचं, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे. घसा असाच बसतो, आंबट पाण्याने आतून सोलून निघतो.

तेवढ्यात धाकटीने सांगितलेलं ताईचं वाक्य आठवलं.

‘कंट्रोलर,’ मी म्हटलं, ‘समजा मी तुम्हाला म्हटलं, माझ्या पोटात काही राहत नाही. तर तुम्ही काय समजाल?’

तो खळखळून हसला. ‘हेच की तुम्हाला काही सांगायची सोय नाही!’

बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्या भाषेत हे वाक्य शंभरातल्या नव्वद वेळा असंच वापरतात, आणि तिच्या बाबतीत तर शंभर वेळा. पण उरलेल्या दहा वेळा हे वाक्य कोण आणि कोणापुढे म्हणतं, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं तेच ऐकत मी वॉर्डातून फिरले होते.

मग त्या डॉक्टरला ते कसं कळलं नाही?

मी पोटावर हात ठेवून पाहिला. ह्या चौकशीपुरतं आजारी पडायचं मी ठरवलं.

४

क्लिनिकच्या बैठकीच्या खोलीत एक उंच आरसा होता. त्यात मी माझ्या निम्मीच दिसत होते. मुद्दाम तशी काच बसवलेली. आत शिरतानाच माणसाला आपलं पुढचं रूप दाखवायचं आणि खिशाला हात घालायला लावायचा, अशी योजना.

मालक समोर आला. आधी व्यायामशाळा चालवायचा. दात पांढरेशुभ्र, पोट सपाट, बोलणं साखरेच्या पाकासारखं. ‘आम्ही पेशंट हा शब्द वापरत नाही, मॅडम. सभासद म्हणतो. तुम्हाला ज्यांना भेटायचं त्यांना भेटा. आमच्याकडे झाकण्यासारखं काही नाही.’

झाकण असलेली बादली मी नुकतीच बघून आले होते.

डॉक्टर वरच्या मजल्यावर, एका कोपऱ्यातल्या खोलीत. म्हातारे, स्वच्छ, इस्त्रीचे कपडे. डब्यावरच्या फोटोत होते तसेच, फक्त फोटोत हसत होते.

‘फोन तुम्ही केला?’

‘मीच केला.’ त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. ‘मी सगळ्यांना स्वतः फोन करतो. तिला मी थांबायला सांगितलं. बहिणीने ऐकलं नाही. फार वाईट झालं.’

‘तिने काही त्रास सांगितला?’

‘काहीच नाही. सांगितला असता तर…’ वाक्य अर्धंच राहिलं.

मी उठता उठता खुर्चीला धरलं. ‘माफ करा हं. जरा बसते. दोन दिवस झाले, माझ्या पोटात काही राहत नाही.’

शब्द तोंडातून पुरते बाहेर पडायच्या आत ते टेबलाच्या अलीकडे आले होते. ‘पाणी राहतंय का? घोटभर तरी? लघवी कधी झाली होती? जीभ दाखवा.’ त्यांनी माझ्या मनगटामागची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती किती वेळात जागेवर बसते ते पाहिलं. बोटं किंचित कापत होती, पण नेमकी होती. ‘कोरड नाही अजून. तरी एकदम पिऊ नका. चमचा चमचा घ्या. उभं राहताना चक्कर येते?’

चांगला डॉक्टर होता हो! हीच तर आग होती. माणूस अडाणी असता तर मी त्याच्यावर नुसती रागावले असते.

खाली औषधवाल्याची खिडकी होती. तो डबे बांधण्यात गुंतलेला, माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. मी तेच वाक्य तसंच म्हटलं.

‘उलटी की जुलाब?’ त्याने मान वर न करता विचारलं. ‘उलटी असेल तर जिभेखाली धरायची गोळी आहे. जुलाब असतील तर साखर-मिठाचं पाकीट न्या.’

मालक मला दारापर्यंत सोडायला आला. माझ्या कामाचं कौतुक चाललं होतं. आरशाजवळ मी थांबले, पोटावर हात धरला. त्याने तो हात पाहिलासुद्धा.

‘काय करू हो,’ मी म्हटलं, ‘माझ्या पोटात काही राहत नाही.’

त्याचे सगळे दात दिसले. ‘मग कुलूप लावू या की!’

आरशातली अर्धी मी आणि बाहेरची पुरती मी, दोघीही जागच्या जागी गोठलो.

५

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना डॉक्टरांच्या खोलीत बसवलं. मालक, औषधवाला, डॉक्टर, आणि दाराजवळच्या खुर्चीवर धाकटी. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त म्हटलं होतं, कान उघडे ठेव.

‘आपण सगळेच मराठी बोलतो,’ मी सुरुवात केली, ‘पण धंदा बदलला की कान बदलतात. “माझ्या पोटात काही राहत नाही.” हे मी काल चार जणांना म्हटलं. कंट्रोलर म्हणाला, तुम्हाला गुपित सांगायची सोय नाही. औषधवाल्यांनी विचारलं, उलटी की जुलाब. डॉक्टरांनी विचारलं, पाणी राहतंय का. ज्याने जन्मभर आजारी माणसं पाहिली त्याला ह्या वाक्यात गुपित ऐकूच येत नाही. त्याला बादली दिसते.’

मालकाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण त्याच्या मागे कोणी नव्हतं.

‘हेच वाक्य ती गेली त्याच आठवड्यात फोनवर बोलली होती. थट्टेत नाही. ती माइकच्या खाली बादली ठेवून काम करत होती. खाल्लेलं राहत नव्हतं, प्यालेलं राहत नव्हतं. भोंगा म्हणून जिला सगळे हसायचे तिने आयुष्यात एकदा हे वाक्य शब्दशः म्हटलं. आणि फोनवरच्या डॉक्टरने काय उत्तर दिलं? सांग गं.’

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ‘मग कुलूप लावू या की,’ ती पुटपुटली.

‘आणि काल मला कोणी हेच उत्तर दिलं, ते ह्या साहेबांना विचारा.’

‘एका विनोदावरून?’ मालक उसळला. ‘हा विनोद कोणीही करेल! मॅडम, तुम्ही एका विनोदावरून माझ्यावर…’

‘कुलूप लावा, असं कोणीही म्हणेल. तेवढ्यावर मी तुम्हाला धरत नाही. न विचारलेल्या प्रश्नावर धरते.’ मी त्याच्याकडे पाठ केली आणि डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिले. ‘डॉक्टर, आता तुम्ही सांगा. तुम्ही म्हणता, फोन तुम्ही केला. म्हणजे ती “पोटात काही राहत नाही” म्हणाली ते तुम्ही ऐकलंत. तिचा घोगरा आवाज ऐकलात. पाणी राहतं का, हे विचारलं नाहीत. उलट कुलपाचा विनोद केलात आणि हसलात. मी असंच लिहून घेऊ? तुमच्या नावावर?’

मी पेनाचं टोपण काढलं.

‘लिहू ना?’

‘मी असा कधीच हसलो नसतो!’ म्हाताऱ्याचा आवाज एवढा मोठा निघाला की त्यालाच दचकायला झालं. ‘झोपेतून उठवलं असतं तरी मी… पहिलीच गोष्ट पाण्याची विचारली असती. पहिलीच!’

‘माहीत आहे. काल तुम्ही मलाच विचारलीत. म्हणजे फोन तुम्ही केला नाहीत.’

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. ते कापत होते आणि आता त्यांनी ते लपवले नाहीत. ‘मी कोणालाच फोन करत नाही. मी ह्या लोकांपैकी एकालाही कधी पाहिलेलं नाही. हात असे झाले, दवाखाना बंद पडला, घरी बसवेना. ह्याने खुर्ची दिली. म्हणाला, तुम्ही फक्त बसा, तुमच्या नावाचा आधार हवा. ती गेल्यावर म्हणाला, थांबायला सांगितलं होतं असं म्हणा. आता ती काही परत येणार नाही, म्हणाला.’

‘आवाज हाच,’ दाराजवळून धाकटी म्हणाली. ती मालकाकडे बघत नव्हती, डोळे मिटून बसली होती. ‘हाच. आत्ता “एका विनोदावरून” म्हणाले ना, तेव्हाच ओळखला.’

मालकाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि मग त्याची साखर संपली. ‘स्क्रीनवर प्रश्न येतात. मी वाचतो. कोणीही वाचू शकतं. भूक कमी आहे का, वजन उतरलं का, समाधानी आहात का. चार आठवडे झाले की पायरी आपोआप वर जाते. शेकडो सभासद आहेत, प्रत्येकाशी डॉक्टर कधी बोलणार? तिला त्रास होता तर तिने नीट सांगायला पाहिजे होतं!’

तोवर मी बऱ्यापैकी शांत होते. ह्या वाक्यावर नाही राहिले.

‘नीट? तिने नीटच सांगितलं! ह्याहून नीट कसं सांगतात? हे वाक्य घेऊन ती भलत्याच दारात उभी होती, कारण तुम्ही दारावर पाटी दुसऱ्याची लावली होतीत. त्रास तिने ज्याला सांगितला असं तिला वाटत होतं, तो माणूस वर कोपऱ्यात बसून खिडकीतून उभ्या गाड्या मोजत होता! आणि तुम्ही, डॉक्टर, माझ्याकडे दयेच्या आशेने बघू नका. ह्या माणसाला प्रश्न माहीत नव्हता. तुम्हाला माहीत होता. एक जिना उतरून फोन उचलायचा होता.’



‘मी तर फक्त डबे भरतो,’ औषधवाला हळूच म्हणाला. कोणी त्याला काही विचारलं नव्हतं.

‘अगदी बरोबर. तुम्ही फक्त डबे भरता, हे फक्त नाव देतात आणि हे फक्त वाचून दाखवतात. मग देखरेख कोण करत होतं? तुमचा तो आरसा?’

मी तिथूनच पोलिसांना फोन लावला. म्हटलं, सोमवारी मुलीला बोलावलंत त्या जागी आता कोणाला बोलवायचं ते सांगते, नावं लिहून घ्या. आणि त्या तथाकथित सभासदांपैकी एकेकाला आजच्या आज खऱ्या डॉक्टरसमोर उभं करा. त्यातल्या किती जणांनी घरात बादल्या ठेवल्या असतील, देव जाणे.

६

धाकटीला घरी सोडायला मी स्वतः गेले.  जिन्याच्या मधल्या पायरीवर ती बसली ती उठेना.

‘मॅडम, मी तिथेच होते ना. तिच्या शेजारी, हाताच्या अंतरावर. तिने सांगितलं आणि मी हसले. त्याच्यापेक्षा मोठ्याने हसले.’ तिने पदर तोंडात कोंबला. ‘ताई मागाहून हसली म्हटलं ना मी तुम्हाला? ती आमच्याकडे बघत होती. पुन्हा सांगावं का, असा विचार करत होती. मग आम्ही हसतोय म्हणून हसली.’

हा हिशेब ती कधीतरी मांडणार हे मला ठाऊक होतं. आजच मांडेल असं वाटलं नव्हतं.

‘माझ्याकडे बघ,’ मी म्हटलं. मला गोड बोलता येत नाही, त्यामुळे आवाज चढलाच. ‘तू बहीण आहेस. बहिणीला हसायचा हक्क असतो. जन्मभर तुम्ही दोघी त्याच वाक्यावर हसत आलात. आपल्या माणसांना आपलं बोलणं थट्टेचं वाटतं, म्हणून तर परका, शिकलेला, न हसणारा माणूस मध्ये बसवायचा असतो. त्यालाच डॉक्टर म्हणतात. तुला वाटत होतं की तो आहे. तिलाही वाटत होतं. हसायचा हक्क तुला होता. त्याला नव्हता.’

वर दार उघडल्याचा आवाज झाला. आई कठड्याला धरून उभी होती. पोलिसांचा फोन तिच्याकडेही गेला असावा, किंवा जिन्यात माझा आवाज गेला असेल. माझा आवाज जातो.

‘डॉक्टर खोटं बोलला?’ तिने विचारलं.

‘हो,’ मी म्हटलं.

म्हातारी एकेक पायरी करत खाली आली. धाकटीच्या वरच्या पायरीवर बसली. लेकीला हात लावायला तिचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला.

‘फोटोतल्या माणसावर विश्वास ठेवला,’ ती म्हणाली, ‘आणि पोटच्या पोरीवर नाही.’

धाकटी मागे वळली नाही. तिने फक्त मान मागे टेकवली, आईच्या गुडघ्यावर.  मग तिने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, चष्म्याचा नंबर विचारावा तसं.

‘पाणी राहतंय का, एवढंच विचारायचं होतं ना त्याने?’

‘एवढंच.’

‘मग ताईने सगळं सांगितलं असतं,’ ती म्हणाली. ‘तिच्या पोटात काही राहत नव्हतं.’